जुन्या छायाचित्रांतील मुंबई : साक्ष आणि उलटतपासणी

जुन्या मुंबईच्या छायाचित्रांचा एखादा ग्रंथ हाती आला की पाने उलटताना मन प्रथम हळहळते. मोकळे रस्ते, घोडागाड्या, कोरीव सज्जे पाहून, ‘काय सुंदर नगरी होती ही!’ असे उद्गार सहज बाहेर पडतात. ही हळहळ खोटी नव्हे. परंतु तिच्यावर इतिहास उभा राहत नाही. छायाचित्र हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदार कितीही सज्जन असला तरी त्याची उलटतपासणी केल्यावाचून निवाडा करू नये, असे आम्हांस वाटते.

मुंबईत ही कला फार लवकर रुजली. १८५४ मध्ये येथे ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू नारायण दाजी यांचाही तिच्याशी संबंध होता. त्याच काळातील छायाचित्रकार विल्यम जॉन्सन यांनी ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध केला. पहिला खंड १८६३ चा, गुजरात, कच्छ व काठेवाडातील लोकांविषयी. दुसरा १८६६ चा, महाराष्ट्रातील लोकांविषयी. त्यातील अनेक चित्रांत पुढे माणसांचा समूह आहे आणि मागे मुंबईचा परिसर. पाहणाऱ्यास वाटावे की ही माणसे खरोखरच तेथे उभी होती. प्रत्यक्षात माणसांची छायाचित्रे एकीकडे टिपलेली, पार्श्वभूमीची दुसरीकडे, आणि मग दोहोंचा सांधा जुळवलेला. नीट निरखले तर काही ठिकाणी तो सांधा दिसतोही. वास्तू खरी, माणसेही खरी. त्यांची भेट मात्र बनावट!

यात जॉन्सन यांनी मोठा अपराध केला, असे आम्ही म्हणणार नाही. त्या काळी काचेवर कोलोडियनचा ओला लेप देऊन चित्र घ्यावे लागे आणि काही सेकंद सर्वांना निश्चल राहावे लागे. जो हलला तो पुसट झाला. जो चालत राहिला त्याची खूणही उरली नाही. जुन्या चित्रांतील रस्ते निर्मनुष्य दिसतात त्याचे एक कारण हे आहे. तेव्हा ज्या शांततेसाठी आपण हळहळतो, तिच्यातील काही वाटा त्या काचेचा आहे. हमाल, पाणके, बंदराकडे लगबगीने निघालेल्या कोळणी त्या रस्त्यांवर होत्याच. कॅमेऱ्याला त्या धरता आल्या नाहीत.

दुसरी उणीव मात्र यंत्राची नाही, दृष्टीची आहे. सर बार्टल फ्रियर १८६२ मध्ये गव्हर्नर झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडला गेला. मोकळ्या झालेल्या जागेवर आणि तिच्या आसपास गॉथिक धाटणीच्या भव्य इमारती उभ्या राहिल्या. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार व्हिक्टोरिया टर्मिनसचे काम १८७८ मध्ये सुरू झाले. छायाचित्रकार सहसा येत तो वास्तू पूर्ण झाल्यावर, तिचा रुबाब टिपण्यास. सीताराम खंडेराव आणि माधवराव जनार्दन या स्टीव्हन्स यांच्या साहाय्यकांची नावे कागदोपत्री उरली आहेत. कोरीवकामात सर ज. जी. कलाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात होता, हेही ठाऊक आहे. पण घुमटाच्या त्या सुप्रसिद्ध चित्रांत हे हात कोठेच नाहीत. विशेष हे की १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर लॉकवूड किपलिंग यांनी कष्टकरी माणसे दगडात कोरली. छायाचित्राने ज्यांना गाळले त्यांना दगडाने जागा दिली.

असे असले तरी या साक्षीदारास घालवून देता येत नाही. सेंट थॉमस या १७१८ च्या अँग्लिकन चर्चकडे जाणारी वेस म्हणून तिचे नाव ‘चर्च गेट’. ती वेस तटाबरोबर गेली, नाव रेल्वे स्थानकास चिकटून राहिले. रोज तेथे उतरणाऱ्या लाखोंना ‘गेट’ कोठे होते हे सांगायला जुने नकाशे आणि छायाचित्रेच उरली आहेत. आपल्या माझगावचेच पाहा. तेथील ग्लोरिया चर्च १६३२ चे. १९११ मध्ये ते पाडले गेले आणि भायखळ्यास नवे मंदिर उभे राहिले. दादरच्या पोर्तुगीज चर्चची स्थापना १५९६ ची, पण आजची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात घडवली. जुन्या चित्राशेजारी नवे ठेवून दोन्ही तटस्थपणे वाचावीत. ‘जुने ते सोने’ एवढ्यावर भागवणे म्हणजे कोरियांवर अन्याय, आणि ‘गेले ते गेले’ म्हणणे म्हणजे पूर्वजांवर.

म्हणूनच आजच्या गुळगुळीत चित्रग्रंथांविषयी आमची तक्रार आहे. चित्र मोठे, ओळ लहान. वर्ष नाही, छायाचित्रकार नाही, कोणत्या दिशेने पाहिले ते नाही. असे पुस्तक दिवाणखान्याची शोभा वाढवील, ज्ञान वाढवणार नाही.

परंतु इतरांना दोष देताना आम्हांस स्वतःचीही एक चूक आठवते. पूर्वीच्या एका धर्मग्रामात चर्चचा मोडकळीस आलेला लाकडी पोर्च आम्हीच उतरवला. तो उतरवण्यापूर्वी एक छायाचित्र काढून ठेवावे, हे आम्हांस सुचले नाही. पुढे धर्मग्रामाचा इतिहास लिहिताना दप्तर धुंडाळले. काही मिळाले नाही. अखेर एका वृद्ध मावशींनी आपल्या लग्नाचा फोटो आणून दिला. वधूवरांच्या मागे तो पोर्च, त्याचे खांब, कौलांची ओळ, सारे होते. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख आणि उभ्या असलेल्या प्रत्येकाचे नाव लिहिलेले. मावशी बोट ठेवून म्हणाल्या, “फादर, हे माझे वडील. तो पोर्च त्यांनीच बांधला होता.”

राजधानीच्या मोठमोठ्या संग्रहांत आम्हांस जे सापडले नव्हते, ते त्या फोटोत होते : वास्तू, आणि तिच्यासमोर तिचा कारागीर, स्वतःच्या पायांवर उभा, कोणीही कापून चिकटवलेला नव्हे.

वाचकहो, आपल्या घरच्या पेट्यांतील फोटो उलटून पाहा. पाठ कोरी असेल तर वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांना विचारा आणि मऊ पेन्सिलीने नावे लिहून ठेवा.