पानगळ : प्रतिमा आणि झाडाची शिल्लक

मराठी कवितेत व ललित गद्यात पानगळ ही प्रतिमा प्रामुख्याने वार्धक्य, वियोग आणि मृत्यू यांच्याशी निगडित राहिली आहे. जुने गळते, नवे उमलते; जुन्याने नव्याला वाट करून द्यावी, हा तिचा रूढ आशय. तो इतका अंगवळणी पडला आहे की प्रत्यक्ष झाडाशी त्याचा पडताळा घेण्याची गरज सहसा भासत नाही. तसा पडताळा घ्यायचा तर बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जवळच आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल बव्हंशी पानझडी आहे.

तेथील साग वा ऐन पान टाकतो, त्याआधी बरेच काही घडून गेलेले असते. पान पिवळे पडत असताना त्यातील प्रथिने व हरितद्रव्य यांचे विघटन होते आणि नत्र व स्फुरद झाड खोडाकडे परत ओढून घेते. सर्वसाधारणपणे या दोन्ही द्रव्यांचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग असा वाचतो. कॅल्शियम मात्र पेशीभित्तिकांत बांधलेले असल्याने पानाबरोबरच जमिनीवर जाते. परत आलेला ऐवज साल, मुळे आणि खोडाच्या बाहेरील रसकाष्ठातील जिवंत पेशींत साठतो. आतला गाभा वजनाने भारी. पण नत्र-स्फुरदाच्या दृष्टीने जवळजवळ रिकामा. लाकूडबाजारात ज्याला मोल, ते झाडाच्या लेखी निकामी, असा हा उलटा हिशेब आहे.

कोशिंबाला तांबडी पालवी फुटते ती फाल्गुन-चैत्रात. त्या वेळी जमीन कोरडी असते आणि मुळांना मातीतून फारसे काही मिळत नाही. काटेसावर आणि पांगारा तर निष्पर्ण अवस्थेत फुलतात. म्हणजे ज्याला साहित्य ‘नवे’ म्हणते, ते मोठ्या अंशाने जुन्याच पानांच्या शिलकेतून घडलेले असते. गळून पडते ते रिते पान; जुन्याचे सत्त्व झाडातच राहते. रूढ प्रतिमेतील विरोध येथे टिकत नाही.

दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या ग्रंथाचे वेगळेपण या संदर्भात जाणवते. चैत्रापासून फाल्गुनापर्यंतच्या त्याच्या रचनेत वर्षाचा शेवट पुढच्या आरंभाला जाऊन भिडतो. पानगळ ही अखेर न राहता चक्रातील एक टप्पा ठरते. मात्र हे चक्र मुख्यतः डोळ्यांना दिसणारे आहे. सालीआडचा व्यवहार त्याच्या कक्षेत येत नाही. ललित लेखनाकडून ती अपेक्षा करणेही कदाचित अन्यायाचे ठरेल.

हा व्यवहार ओळखणारा एक शब्द मराठीत पूर्वीपासून आहे, पण तो शेतीचा आहे : राब. ठाणे-कोकणातील शेतकरी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या पानांसह तोडून वाळवतो आणि भाताचे रोप टाकण्याआधी त्या जागेवर जाळतो. जाळल्याने नत्र बरेचसे उडून जाते. स्फुरद, पालाश व चुना राखेत उरतात. पान म्हणजे साठा, हे ज्ञान या शब्दात गृहीत आहे. ललित मराठीने पानगळ स्वीकारली. राब शेतावरच राहिला.

रूढ प्रतिमेचा हा दोष केवळ साहित्यापुरता मर्यादित नाही. जुन्याच्या जागी नवे, हाच विचार वृक्षतोडीच्या भरपाईतही दिसतो. राज्याच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण अधिनियमात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी झाडे लावावीत, असे तीत ठरले. वय मोजले गेले ही सुधारणाच. परंतु साठ रोपे म्हणजे साठ वर्षांची साल व मुळे नव्हेत. रोपाजवळ अजून परत घेऊन साठवण्याजोगे फारसे काही नसते. आरे येथे मेट्रो कारशेडसाठी २,१४१ झाडे ऑक्टोबर २०१९ च्या पहिल्या आठवड्यात तोडली गेली. पाऊस नुकताच सरत आलेला होता. पानझडी झाडांच्या बाबतीत हा भरल्या पानांचा काळ असतो. नत्र-स्फुरद खोडाकडे परतण्यास अद्याप काही महिने अवकाश असतो.