सार्वत्रिक टपालसेवा : नियामकाचे स्वातंत्र्य आणि मंत्र्याची जबाबदारी

रोलंड हिलच्या योजनेनुसार ब्रिटनमध्ये १८४० साली एक पेनीचे समान टपालहशील सुरू झाले. अंतर कितीही असो, दर एकच, हे त्या योजनेचे मर्म होय. २०११ च्या टपालसेवा कायद्याने ह्या तत्त्वाचे रक्षण ऑफकॉम ह्या स्वतंत्र नियामकाकडे सोपविले. कायद्याची रचना वरकरणी निर्दोष वाटते. तिची खरी परीक्षा मात्र २०२५ मध्ये झाली.

सोमवार ते शनिवार पत्रांचा बटवडा आणि देशभर समान व परवडणारा दर, ही किमान सेवा पार्लमेंटने कलम ३१ मध्ये स्वतःच नमूद केली. सेवेचा तपशील ठरविणे व कसूर झाल्यास दंड करणे ही कामे ऑफकॉमकडे आली. किमान सेवेतच फेरफार करावयाचा, तर मंत्र्याने पार्लमेंटपुढे गेले पाहिजे.

ह्या वाटणीमागील युक्तिवाद सबळ आहे. २०१३ मध्ये भाग विक्रीस काढीपर्यंत सरकारच रॉयल मेलचे मालक होते. मालकानेच आपल्या संस्थेचा न्यायनिवाडा करणे अनुचित ठरले असते. खाजगीकरणानंतरही दंड राजकीय सोयीवर अवलंबून नसावा. विलंबाबद्दल ऑफकॉमने २०२३ मध्ये ५६ लाख, २०२४ मध्ये १ कोटी ५ लाख आणि २०२५ मध्ये २ कोटी १० लाख पौंड दंड केला. येथे स्वातंत्र्य सार्थ ठरले.

परंतु मोजणे निराळे आणि माप ठरविणे निराळे. जुलै २०२५ मध्ये ऑफकॉमने दुसऱ्या वर्गाची पत्रे शनिवार वगळून एक दिवसाआड वाटण्यास मुभा दिली. पहिल्या वर्गाची पत्रे दुसऱ्या दिवशी पोचविण्याचे उद्दिष्टही ९३ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर आणले. पहिल्या वर्गाचा बटवडा सहा दिवस चालू राहिल्याने कलम ३१ अबाधित राहिले, आणि पार्लमेंटच्या संमतीचा प्रश्नच उद्भवला नाही.

२०११ नंतर पत्रसंख्या निम्म्याहून घटली, तेव्हा काटकसर अपरिहार्य होती, असा प्रतिवाद होईल. तो खराही आहे. मात्र काटकसरीचा भार स्वस्त हशिलाच्या पत्रांवर अवलंबून असलेल्या नागरिकाने वाहावा की अन्य कोणी, हा हिशेबाचा प्रश्न नसून न्यायाचा आहे. त्याचे उत्तर मतदारांना जबाबदार असलेल्या मंत्र्याने द्यावयास हवे. बटवड्याची वारंवारता कलम ३१ मध्ये वर्गवार नमूद केल्यावाचून ही उणीव दूर होणार नाही.