उपाहारगृह, दलित आत्मकथन आणि ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’

दलित आत्मकथनांची चर्चा करताना आपले समीक्षक पाणवठा, शाळा, देऊळ आणि मसणवटा या जागांपाशी थांबतात. त्या जागा महत्त्वाच्या आहेत, यात वाद नाही. परंतु हॉटेल या जागेचा स्वतंत्र विचार कोणी केलेला निदान माझ्या पाहण्यात नाही. हॉटेल म्हणजे मुक्कामाचे नव्हे. मराठवाड्यात आपण ज्याला हॉटेल म्हणतो ते: पत्र्याचे छप्पर, दोन बाकडी, कढईत भजे, सकाळी परातीत सुशीला आणि दिवसभर उकळणारा चहा.

ही जागा पाणवठ्याहून आणि देवळाहून वेगळी आहे. विहीर वाडवडिलांची, देऊळ त्याहून जुने. तिथली बंदी ‘पूर्वापार चालत आली’ असे सांगता येते, आणि सांगणारे ते निर्लज्जपणे सांगतही आले. हॉटेल मात्र गावात नवे आले. सडक आली, एस. टी. आली, हातात रोख पैसा आला, आणि मग फाट्यावर हॉटेल आले. ज्याच्याजवळ पैसा त्याने बसावे आणि खावे, एवढाच त्याचा धर्म. अशा जागी अस्पृश्यता आली ती परंपरेने नव्हे, कोणीतरी ती मुद्दाम आणली. महारामांगांसाठी वेगळी कपबशी ठेवायची तर ती आधी बाजारातून विकत आणावी लागते, तिच्यासाठी खिळा ठोकावा लागतो किंवा वळचणीची जागा नेमावी लागते. अस्पृश्यतेवर पैसे खर्च करणारा हा दुकानदार आपल्या समाजशास्त्रज्ञांनी अजून नीट पाहिलेला नाही.

आत्मकथनकारांनी तो पाहिला आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) गावच्या चहाच्या हॉटेलातली ती वेगळी कपबशी आहे, आणि तिच्याविरुद्ध दोन पोरांनी पोलीस ठाण्यापर्यंत नेलेली तक्रारही आहे. भूक, बापाचे नाव, आजीचे कष्ट यांच्या ओझ्याखाली हा प्रसंग वाचकाच्या नजरेतून निसटतो. मला तो त्या पुस्तकातला फार मोलाचा प्रसंग वाटतो. आत्मकथनातले दुःख बहुतेक ठिकाणी सोसलेले असते. इथे ते अर्जावर लिहिले गेले आहे. पोरे रडत नाहीत, कायदा वापरतात.

आणि कायदा त्यांच्या बाजूने स्पष्ट होता. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, आणखी पुढे जाऊन उपाहारगृहात लोकांसाठी ठेवलेल्या भांड्यांच्या वापराचाही हक्क लिहून ठेवला. एखाद्या देशाच्या कायद्याला कपबशीची दखल घ्यावी लागावी, यावरून त्या देशाची ओळख पटते.

आता विद्यार्थ्यांना हे शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. ‘सर, आता कुठे वेगळी कपबशी आहे? आम्ही सगळीकडे खातो.’ त्यांचे म्हणणे खोटे नाही. अंबाजोगाईत बसस्थानकापासून मंडीबाजारापर्यंत कोणी जात विचारून चहा देत नाही. काचेचा पेलाही गेला, कागदी कप आला. तो कोणाचा उष्टा नसतो. पण या उत्तरावर समाधान मानणे म्हणजे अर्धाच कायदा वाचणे होय. कायदा हॉटेलमालकाला बांधतो, गिऱ्हाइकाला नाही. मालकाने दलिताला वाढले पाहिजे, असे तो सांगू शकतो. दलिताने मांडलेल्या हॉटेलात सवर्णाने जेवले पाहिजे, असे कोणताही कायदा सांगू शकत नाही. म्हणून जातीचा मुक्काम गल्ल्यावरून उठून बाकड्यावर आला आहे. तो आता विकणाऱ्याकडे नसतो, खाणाऱ्याकडे असतो.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी एका राजाला कळली होती. कोल्हापूरच्या संस्थानी पागेतला गंगाराम कांबळे पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून त्याला बेदम मारले गेले. राजर्षी शाहूंनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण त्यांना तेवढ्याने भागले नाही. त्यांनी गंगारामला पैसे देऊन भर शहरात चहाचे हॉटेल काढून दिले. ‘सत्यसुधारक’ हे त्याचे नाव. आणि मग ते स्वतः तिथे गाडी थांबवून चहा पीत, सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजत. या कथेचे कौतुक आपण भाषणात करतो, पण तिच्यातले तर्कशास्त्र सोडून देतो. शाहूंनी गंगारामला दुसऱ्याच्या हॉटेलात बसवले नाही; दुसऱ्यांना गंगारामच्या हॉटेलात आणले. सहभोजनाच्या पुष्कळशा कार्यक्रमांत दलित हा पाहुणा असतो. इथे तो यजमान आहे, आणि शिवाय चहाचा धंदा करतो आहे. अस्पृश्यतानिवारणाची खरी कसोटी ही की त्याच्या हातचे, त्याच्या चुलीवरचे, त्याने ठरवलेले तुम्ही खाता का.

या कसोटीवर आपल्या गावच्या पाट्या वाचाव्यात. मी द्वितीय वर्षाच्या मुलामुलींना वही घेऊन पाट्या उतरवायला पाठवले होते. त्यांनी आणलेल्या वह्या हे चांगले साहित्य आहे. ‘शुद्ध शाकाहारी’ ही पाटी सर्वांत जास्त. सरकारी नियमाला हिरवा ठिपका पुरतो. त्यात शाकाहाराच्या विरुद्ध मांसाहार असतो. ‘शुद्ध’ हा शब्द पाटी रंगवणाऱ्याने पदरचा घातलेला आहे, आणि शुद्धच्या विरुद्ध काय असते हे भिंतीवर लिहावे लागत नाही. दुसरी पाटी ‘चुलीवरचे मटण’, ‘गावरान कोंबडा’, ‘ज्वारीची भाकरी’. पूर्वी ज्या भाकरीला पांढरपेशा माणूस नाक मुरडायचा ती आता रस्त्यावरच्या ढाब्यांवर ताटात मानाने येते. आनंद आहे. पण चूल सजावटीला आली तेव्हा ती कोणाची म्हणून आली? पाटलाच्या वाड्याची, फेटेवाल्या शेतकऱ्याची. गावकुसाबाहेरही चुली होत्या. त्यांचा धूर या पाट्यांवर कुठे दिसत नाही. नागपूरकडे सावजी रस्सा विणकर समाजाच्या घरातून निघून हॉटेलची ख्याती झाला, समाजाच्या नावासकट झाला. म्हणजे जातीच्या चुलीवरून हॉटेलच्या पाटीवर जाता येते. मग काहींनाच का जाता येते, हा प्रश्न उरतो.

(मंडीबाजाराकडच्या मुसलमान खानावळींचा उल्लेख इथे केला पाहिजे. अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते त्या काळातल्या आठवणी सांगणारी माणसे आता थोडी उरली. पण आमच्या वस्तीतले म्हातारे सांगत की गावात पोटभर आणि मान वर करून जेवायची जागा तीच. तिथे ‘बडे का’ की ‘छोटे का’ एवढेच विचारीत.)

शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाकडे मी या रस्त्याने येतो. पाटोळे शेजारच्या धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातले, म्हणजे चवीने आमच्या गावचेच. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाण्याचा हा लेखाजोखा आहे: उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या, रक्ती, वजडी, येसूर, रानातल्या भाज्या. जेवणाआधी म्हणायच्या श्लोकातल्या ब्रह्माला ‘अपूर्ण’ म्हणून त्यांनी मुखपृष्ठावरच वाद मांडला. ज्या पूर्णब्रह्मात आमचे ताट मोजलेलेच नाही ते पूर्ण कसे, हा तो वाद. १९७० साली आलेल्या ‘रुचिरा’च्या मुखपृष्ठावर जात लिहावी लागली नाही, ते मराठी पाककृतींचे पुस्तक म्हणून घरोघर गेले. पाटोळ्यांचे पुस्तक मात्र दलितांच्या खाण्याचे पुस्तक ठरते. २०२४ साली भूषण कोरगावकर यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले, त्याच्या नावात तर ‘दलित’ आणि ‘मराठवाडा’ दोन्ही आले आणि ब्रह्म गेले. भाषांतरामुळे पुस्तक दूर पोहोचले, हे चांगले झाले. पण वादाचे विधान होते तिथे ओळखपत्र आले, हेही नोंदवले पाहिजे.

या पुस्तकाचे सर्वांत मोठे बळ त्याच्या पाककृतींच्या साधेपणात आहे. तेल बेताचे, तूप नाही, दूध नाही, मसाल्याची चैन नाही. एरवी पाककृतीच्या पुस्तकात काय घालायचे ते वाचायचे असते. इथे काय नव्हते ते वाचावे लागते. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळ्या आणि उष्ट्या अन्नाला तामस म्हटले आहे. ज्या गावाने हा अध्याय डोक्यावर घेतला त्याच गावाने शिळी भाकर आणि उष्टे हे महाराचे बलुते ठरवले. आधी उष्टे द्यायचे, मग उष्टे खातो म्हणून तामसी म्हणायचे. असा दुहेरी व्यवहार करणाऱ्या संस्कृतीत चान्या हा नुसता पदार्थ राहत नाही. खंड्या-खंड्याने मिळणारे मांस पावसाळ्यापर्यंत कसे टिकवायचे, या शास्त्राचे ते फलित आहे, आणि शास्त्र कोणाचे, हे पाटोळे सांगतात.

इथे आपल्याच चळवळीतला एक आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे मागणे सोडा असे सांगितले. आमच्या आज्या-पणज्यांनी ते सोडले, आणि सोडणे हीच त्यांची क्रांती होती. मग त्या ताटाचे आता गुणगान का? वस्तीतली जाणती माणसे हे विचारतात तेव्हा त्यांना मागासलेले म्हणणाऱ्या प्राध्यापकांची मला कीव येते. माझे उत्तर असे. बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितले ते मांस नव्हते, तर ते मिळण्याची रीत होती: फुकटात ओढून नेलेले ढोर, आणि त्या बदल्यात जन्मभराची मानहानी. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध इतिहास म्हणून तपासला, लाज म्हणून लपवला नाही. विकत घेतलेले, निवडलेले, आवडीने शिजवलेले अन्न ही दुसरी गोष्ट आहे. ही निवडही २०१५ साली आकसली. पाटोळ्यांचे पुस्तक निघाले त्याच वर्षी महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली. सोडणे आणि सोडायला लावले जाणे यांतला फरक आमच्या लोकांइतका कोणाला कळणार?

तरीही पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार आहे. यातली बहुतेक विद्या बायकांची आहे. पण बोलतो तो लेकाचा आठवणारा आवाज. आठवणीतली चव गोड लागते, कारण चूल दुसऱ्याने फुंकलेली असते. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) आठ-नऊ वर्षांच्या सुनांना भाकरी नीट थापता आली नाही म्हणून काय काय सोसावे लागे, ते आहे. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचल्याशिवाय दलित अन्नाचा विचार पुरा होत नाही. सवर्णाने आपल्याला अपूर्ण ठेवले ते खरे. आपल्याही घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवत होते, ते लिहायचे राहू नये.

आणखी एक राहिलेले आहे. आपली सारी आत्मकथने हॉटेलच्या बाकड्यावरून, किंवा बाकड्याखालून, लिहिलेली आहेत. गल्ल्यामागून, कढईमागून कोणी लिहिलेले मला माहीत नाही. दलिताने हॉटेल काढले, पाटीवर कोणते नाव घातले, आडनाव घातले की देवाचे नाव घातले, बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर दर्शनी लावला की आतल्या खोलीत, पहिले सहा महिने कोण आले, कोण नुसते डोकावून गेले, हे सारे साहित्यात यायचे आहे. हे काम करणाऱ्या माणसांना लिहायला फुरसत नाही, हे मला समजते. पण आपले विद्यार्थी त्यांच्यापाशी बसून लिहून घेऊ शकतात.

त्या पाट्यांच्या वह्यांत एका मुलीने पाटीच उतरवलेली नव्हती, कारण तिच्या आईच्या गाड्याला पाटी नाही. आई स्वारातीच्या दवाखान्याबाहेर भाकरी-पिठले विकते. केज, धारूर, परळीकडून रोग्याला घेऊन आलेले नातेवाईक तिथे जेवतात. वहीत तिने फक्त गिऱ्हाइकांचे प्रश्न लिहिले आहेत, ओळीने. ‘भाकर गरम आहे का?’ ‘ठेचा आहे का?’ ‘मावशी, तुम्ही कुठल्या?’ ‘तिथल्या कोणाच्या?’ चौथ्या प्रश्नाला आई शेजारच्या गावाचे नाव सांगते, असे तिने कंसात लिहिले आहे.