ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष-तुलना’ : एक परीक्षण

जुन्या पोथ्यांच्या शोधांत आपण भंडाऱ्यापासून पवनी-साकोलीपर्यंत हिंडतों. परंतु त्याच फडताळांत एखादें छापील चोपडें सांपडलें तर अर्वाचीन म्हणून बाजूस सारतों. ही संवय किती घातक आहे, हें वऱ्हाडांतील एका ग्रंथाच्या इतिहासावरून ध्यानीं येईल.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचें ‘स्त्री-पुरुष-तुलना’ हें पुस्तक १८८२ सालीं पुण्यास श्रीशिवाजी छापखान्यांत छापलें गेलें. प्रती ५००, किंमत ९ आणे. निमित्त सुरतेच्या खटल्याचें. १८८१ मध्यें विजयालक्ष्मी नामक तरुण विधवेस अर्भकहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. पुढें ती सौम्य करण्यांत आली. ‘पुणेवैभव’ पत्रानें मात्र त्यावरून समग्र स्त्रीजातीस दूषण दिलें. त्यास हें उत्तर होय.

ताराबाईंची पद्धति संशोधकास आवडावी अशी आहे. स्त्रियांचे दोष मोजणारा एक जुना संस्कृत श्लोक त्या पुढें ठेवतात आणि एकेक दोष पुरुषांच्या आचरणाशीं ताडून पाहतात. बायको मेल्यावर नवरा दुसरें लग्न करतो, विधवेस मात्र तें वर्ज्य कां? पातिव्रत्य धर्म असेल तर पतीसही तसें बंधन कां नसावें? पुराणकथांचीही त्या साक्षीदारासारखी उलटतपासणी घेतात. वडील बापूजी हरि शिंदे हे सत्यशोधक समाजाचे सभासद. त्यांनीं मुलीस घरींच शिकविलें. स्त्रीशिक्षणाचें फळ काय, याचें उत्तर या उलटतपासणींतच आहे.

ग्रंथ निर्दोष नाहीं. पुरुषांवरील आरोप कित्येक ठिकाणीं सरसकट आहेत व आवेशांत विषयाचा धागा सुटतो. संसाराची जुनी चौकट त्या मोडीत काढीत नाहींत. दोघांना एकच माप लावा, एवढेंच मागतात. पण तेवढ्या मागणीनेंही तत्कालीन समाज दुखावला.

१८८५ मध्यें जोतीराव फुले यांनीं ‘सत्सार’ मध्यें ताराबाईंची बाजू घेतली. पुढें मात्र पुस्तक विस्मृतींत गेलें; १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुन्हां प्रसिद्ध केलें, तेव्हां ९३ वर्षें लोटलीं होतीं. मध्यंतरीं शिल्लक प्रत रद्दींत गेली असती, तर हा पुरावा कायमचा बुडाला असता. ताराबाईंचें दुसरें पुस्तक ज्ञात नाहीं. म्हणून संग्राहकांस विनंति कीं, हस्तलिखिताइतकीच जुन्या छापील चोपड्यांचीही नोंद ठेवावी. स्त्री व पुरुष यांस दोन मापें लावणें जसें अन्यायाचें, तसेंच पोथी व पुस्तक यांसही.