व्हिडिओ गेममधलं पार्श्वसंगीत: ऐकणं आणि ऐकू येणं



आजचा विषय वाचून आपल्यापैकी काही जण चुकून आलो की काय म्हणून पत्रिका परत पाहत होते, ते आम्ही इथून पाहिलं. (हशा) चुकून आलेला नाहीत. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या माणसाला त्यातल्या पार्श्वसंगीताची, आवाजांची किंमत असते का, हाच आजचा प्रश्न आहे. आणि तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे असं आमचं म्हणणं आहे.

आधी एक कबुली देऊन टाकतो. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी सौंदर्यशास्त्राच्या वर्गातली एक विद्यार्थिनी आमच्याकडे निबंधाचा विषय मंजूर करून घ्यायला आली. विषय होता व्हिडिओ गेममधलं संगीत. आम्ही तिला म्हणालो, "जे लक्ष देऊन कोणी ऐकतच नाही, त्याला संगीत कशाला म्हणायचं? दुसरा विषय आण." तिने वाद घातला नाही. कांटवर एक नेटका आणि निर्जीव निबंध लिहून दिला. आम्ही गुणही चांगले दिले. आज इथे उभे आहोत ते त्या एका वाक्याची तपासणी करायला.

ते वाक्य अगदीच बिनबुडाचं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. हान्सलिक यांचा संगीतसौंदर्यावरचा ग्रंथ १८५४ सालचा. त्या परंपरेत संगीताचं मोल कळायचं तर स्वररचनेकडे एकाग्र लक्ष हवं. नुसतं त्या आवाजात न्हाऊन निघणं हे काही ऐकणं नव्हे. आमची पिढी या शिस्तीत वाढली. आपल्या मैफलीचीही शिस्त तीच. गाणं चालू असताना कोणी बोलायला लागलं तर आपण वळून बघतोच ना?

शिवाय व्यवहाराचा पुरावाही त्याच बाजूचा दिसतो. लोकलमध्ये मोबाइलवर गेम खेळणारे बघा. बहुतेकांचा आवाज बंद असतो आणि खेळ मजेत चाललेला असतो. जवळजवळ प्रत्येक मोठ्या गेममध्ये संगीत कमी-जास्त करायची वेगळी सोय असते, आणि ते शून्यावर आणून ठेवणारे खेळाडू आहेतच. २००१ साली आलेल्या पहिल्या एक्सबॉक्सवर तर आपल्या सीडीतली गाणी भरून घेता यायची आणि काही गेममध्ये मूळ संगीताच्या जागी ती वाजवता यायची. मग जी गोष्ट बंद करता येते, बदलता येते, तिची कसली किंमत?

इथे जरा थांबू या. 'किंमत असणं' म्हणजे नक्की काय? एखाद्या गोष्टीकडे आपण लक्ष देतो, हा एक अर्थ. ती काढून घेतली तर आपलं काही बिघडतं, हा दुसरा. हे दोन अर्थ एकच आहेत असं आम्ही त्या दिवशी गृहीत धरलं होतं. पण तानपुऱ्याचं बघा. तानपुऱ्याला कोणी 'वाहवा' म्हटलेलं ऐकलंय? मैफल ऐकून घरी जाताना तानपुरा काय सुंदर वाजला, असं क्वचितच कोणी म्हणतं. पण मध्येच तो बंद करा. गवयाच्या आधी श्रोत्यांना पायाखालची जमीन गेल्यासारखं होईल. आपल्याकडच्या तर्कशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात: ते असताना काय असतं आणि ते नसताना काय नसतं, हे दोन्ही तपासायचं. आम्ही व्यतिरेक तपासलाच नव्हता.

आता तो गेमच्या बाबतीत तपासू. १९७८ सालचा जपानी गेम आहे स्पेस इन्व्हेडर्स, तोमोहिरो निशिकादो यांनी बनवलेला. पडद्यावर पंचावन्न परग्रहवासी रांगांनी खाली सरकत येतात आणि तुम्ही खालून गोळ्या झाडायच्या. त्याचं संगीत म्हणजे फक्त चार उतरते, जाडे स्वर. तेच ते, पुन्हा पुन्हा. हान्सलिकसाहेबांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण शत्रू कमी होत जातात तशी उरलेल्यांची चाल वाढते आणि तिच्याबरोबर या चार स्वरांची लयही चढते. चाल वाढण्याचं मूळ कारण अगदी यांत्रिक होतं. चित्रं कमी झाली की त्या काळचं यंत्र ती भराभर काढू शकायचं. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं. खेळणाऱ्याची गंमत अशी की, तो लय मोजत बसत नाही, त्याचा हातच घाईला येतो. म्हणजे संगीत कानात शिरून थेट बोटांत उतरतं. याला 'ऐकलं नाही' म्हणायचं का?

पुढे १९८५ सालच्या सुपर मारिओमध्ये कोजी कोंडो यांनी हेच जास्त खेळकरपणे केलं. वेळेचा आकडा शंभराच्या खाली आला की तीच धून एकदम जलद होते. त्या यंत्रात एका वेळी जेमतेम पाच ध्वनी-वाटा उपलब्ध होत्या. त्यातच सुरावट, त्यातच खर्ज, त्यातच ताल आणि त्यातच उडीचा, नाण्याचा आवाज. त्यामुळे मारिओने उडी मारली की संगीतातली एक वाट तेवढ्यापुरती उडीसाठी सोडून दिली जायची. जगभरच्या पोरांनी हजारो उड्या मारल्या, पण धून मध्येच तुटते अशी तक्रार काही ऐकू आली नाही. कारण उडी हा त्यांच्या लेखी धुनीचाच भाग झाला होता. खेळणारा इथे श्रोता आहे, आणि थोडासा वादकही आहे. मैफलीत बसलेल्या श्रोत्याचं माप त्याला लावलं ही आमची पहिली चूक. २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ही धून जपण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत घेतली. व्हिडिओ गेमचं संगीत त्या नोंदवहीत पहिल्यांदाच गेलं. प्रतिष्ठेने काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण ज्या पोरांनी ते 'ऐकलं नाही' असं आम्ही म्हणत होतो, त्यांनाच ते चाळिशीत तोंडपाठ आहे, याचं काय करायचं?

आता संगीत सोडून नुसत्या आवाजाकडे येऊ. आमचा नातू संगणकावर काउंटर-स्ट्राइक खेळतो. दोन गटांची चकमक. फेरी रंगात आली की संगीत जवळजवळ नसतंच. असतात ती पावलं. लाकडावरची वेगळी, लोखंडी जिन्यावरची वेगळी. एकदा आम्ही शेजारी बसलो होतो. हेडफोनची एक बाजू त्याने आमच्या कानाला लावली आणि म्हणाला, "आबा, डावीकडून दोघं आले, ऐकलंत?" आम्हाला काहीही ऐकू आलं नव्हतं. मग थोड्या वेळाने म्हणाला, "आता तिकडे कोणी नाही." आम्ही विचारलं, "हे कशावरून?" तर म्हणतो, "आवाज नाही ना!"

मित्रहो, हा पोरगा मीमांसकांचं प्रमाण वापरत होता. अनुपलब्धी! जमिनीवर घडा नाही हे ज्ञान कशाने होतं? घडा दिसत नाही यावरून. कुमारिल भट्टांच्या परंपरेने आणि अद्वैत्यांनी याला स्वतंत्र प्रमाण मानलं, नैयायिकांनी मानलं नाही. तो वाद आज बाजूला ठेवू. महत्त्वाची आहे ती त्यातली अट. अनुपलब्धी 'योग्य' हवी. म्हणजे घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून तो नाहीच, असं म्हणता येत नाही. आता काउंटर-स्ट्राइकमध्ये शत्रू सावकाश चालला तर त्याची पावलं वाजत नाहीत. म्हणून कसलेला खेळाडू शांततेवर आंधळा विश्वास टाकत नाही. शत्रू असता तर वाजला असता का, हे आधी विचारतो. ज्या खेळात शांतता ऐकावी लागते, तिच्यावर तर्क करावा लागतो, त्या खेळात आवाजाला किंमत आहे का, हा प्रश्न आम्ही तरी मागे घेतला.

पण कोणी म्हणेल, ही झाली माहितीची किंमत. घंटा वाजली की शाळा सुटते, म्हणून घंटा काही कला होत नाही. आक्षेप बरोबर आहे. म्हणून शेवटचं उदाहरण घेतो, आणि त्यावर जरा रेंगाळतो.

शॅडो ऑफ द कलॉसस. मूळ गेम २००५ सालचा, फुमितो उएदा यांचा, संगीत को ओतानी यांचं. नातवाने खेळला तो २०१८ साली नव्याने घडवलेला. कथा एवढीच: एका मृत मुलीला परत आणायचं म्हणून एक तरुण सोळा महाकाय प्राण्यांना मारायला निघतो. प्राण्यापर्यंत पोचायला घोड्यावरून ओसाड माळ, कडे, तळी ओलांडावी लागतात. या प्रवासात संगीत जवळपास नाही. वारा आणि टापा. दहा-दहा मिनिटं तेवढंच. मग तो प्राणी समोर येतो आणि वाद्यवृंद उसळतो. तुम्ही त्याच्या अंगावर चढलात, वरचढ झालात की संगीतात शौर्य येतं, छाती फुगते. काही प्राणी आपण होऊन हल्लासुद्धा करत नाहीत. तेरावा तर आपला आकाशात तरंगत असतो. तरी तुम्ही त्याला मारता. आणि तो कोसळतो तेव्हा? विजयाचं संगीत वाजायला हवं, नाही का? तिथे शोकाचे स्वर येतात.

नातवाच्या हातातलं यंत्र खाली आलं. तो म्हणाला, "आबा, जिंकलो, पण कसंतरीच वाटतंय."

भरताच्या नाट्यशास्त्रात ध्रुवागीतांचे पाच प्रकार सांगितले आहेत. पात्राच्या प्रवेशाची प्रावेशिकी, जाण्याची नैष्क्रामिकी, चालू रस मोडून दुसरा आणणारी आक्षेपिकी, मन निवळवणारी प्रासादिकी आणि मधली खिंडारं झाकणारी आंतरा. गेमचं बरंचसं संगीत या पाचांत बसतं. पुढचा भाग यंत्रात भरला जाईपर्यंत जी धून वाजते ती आंतराच म्हणा ना. ओतानींचं ते शोकसंगीत आक्षेपिकी आहे. वीररस मोडून तिथे करुण आणला जातो. पण नाटकात वीर दुसराच कोणी असतो, प्रेक्षक सुरक्षित बसलेला असतो. इथे तलवार चालवली ती खेळणाऱ्याने. त्यामुळे करुण रसाचा रोख त्याच्याकडे वळतो. 'हे तू केलंस' असं चित्र सांगत नाही, संवाद सांगत नाही, फक्त संगीत सांगतं. आवाज बंद करून हा खेळ खेळता येईल, सोळाच्या सोळा मारता येतील. मात्र काय केलं ते कळणार नाही. व्यतिरेक यापेक्षा स्पष्ट कुठे मिळणार?

म्हणून सगळं गेमसंगीत थोर, असं आम्ही म्हणत नाही. पुष्कळसं टाकाऊ आहे. तीच पंधरा सेकंदांची धून तासभर दळणारे गेम आहेत, त्यांचा आवाज लोक बंद करतात ते योग्यच करतात. त्याहून वाईट म्हणजे नाण्यांच्या छनछनाटाचे. काही न जिंकताही जिंकल्यासारखं वाटावं आणि बोट पुन्हा पडद्यावर यावं, एवढ्यासाठी योजलेले आवाज. ओतानींचं संगीत खेळणाऱ्याला स्वतःकडे पाहायला लावतं, हा छनछनाट त्याला स्वतःकडे पाहू देत नाही. दोन्ही 'पार्श्वभूमीलाच' असतात. फरक करायचा तो इथे. आणि आवाज बंद करणारा खेळाडू हाच फरक करत असतो. त्याला किंमत कळत नाही असं नाही, त्याने किंमत करून ती नापास केलेली असते.

आता शेवटचं. मघाशी म्हणालो, नातवाला पावलं ऐकू आली, आम्हाला नाही. आमचे कान तपासले आहेत. वरच्या पट्टीतलं बरंचसं गेलेलं आहे, यंत्र लावूनही सगळं परत येत नाही. त्या संध्याकाळी आमच्या लक्षात आलं की आम्हाला ऐकू आलं नाही, यावरून तिथे काही नव्हतं असं ठरत नाही. आमची अनुपलब्धी योग्य नव्हती. आणि त्या मुलीला विषय बदलायला सांगितला, तेव्हा तर आमचे कान शाबूत होते! तरी आम्ही अंधारात उभं राहून घडा नाही म्हणालो. एकही गेम न खेळता, न ऐकता. वर्गात वर्षानुवर्षं शिकवलेली अट स्वतःच्या निर्णयाला लावायला विसरलो.

ती आज कुठे असते आम्हाला ठाऊक नाही. ही व्याख्यानं लिहून काढून प्रसिद्ध होतात असं संयोजक सांगतात, तर कदाचित तिच्या वाचनात येईल. बाई, तुझा विषय मंजूर आहे. निबंध अजून लिहावासा वाटला तर जरूर लिही, आम्ही वाचू. या वेळी आवाज चालू ठेवून.