चौरस फुटांच्या पलीकडे

मुंबईत लहान घराची गुणवत्ता एकाच आकड्यावर मोजली जाते. झोपडपट्टी पुनर्विकासाच्या पहिल्या नियमांत, १९९१ साली, तो आकडा १८० चौरस फूट होता. नंतर तो २२५ झाला, मग २६९ आणि आता ३००. गिरगाव, लालबाग, दादर इथल्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासातही भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र मिळते. संडास-मोरी घरात आली, ओटा आला, आडोशाची एक खोली निघाली. या वाढीला कुणी नाक मुरडू नये. पण घराची रुंदी किती, खोली किती, खिडकी किती बाजूंना, समोरची भिंत किती अंतरावर, यांतले काहीही हा आकडा सांगत नाही. ३०० चौरस फूट म्हणजे ४ मीटर रुंद आणि ७ मीटर खोल असे दोन्हीकडून उघडे घर असू शकते, किंवा ३ मीटर रुंद आणि सव्वानऊ मीटर खोल असा एकाच टोकाला खिडकी असलेला बोगदा. करारनाम्यात दोन्ही सारखीच.

मराठी साहित्याने चाळीवर भरपूर लिहिले. 'बटाट्याची चाळ' १९५८ची, आणि तिच्या आधीही नंतरही चाळ आपल्या कथा-नाटकांतून हललेली नाही. मात्र या सगळ्या लेखनात गॅलरी येते ती माणसांची जागा म्हणून. ती इमारतीचा अवयव आहे, खोलीत वारा खेळवणारा सुमारे सव्वा मीटर रुंदीचा उघडा पट्टा आहे, याची नोंद कुणी फारशी घेतली नाही. परिणामी चाळ गेल्यावर आपण 'शेजार गेला' म्हणून हळहळलो आणि वारा गेल्याचा हिशेब मागितला नाही.

हा हिशेब एकेकाळी मांडला गेला होता. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२च्या सुमारास उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान देऊन साडेत्रेसष्ट अंशांचा नियम हिरिरीने मांडला. नियम सोपा आहे. खिडकीसमोरच्या इमारतीचा माथा भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा वर दिसू नये. साध्या भाषेत, इमारत जितकी उंच त्याच्या निम्मी जागा मधे मोकळी हवी. ट्रस्ट काही गरिबांचा कैवारी नव्हता. सुरुवातीच्या वर्षांत त्याने बांधली त्याहून जास्त घरे पाडली. तरीही घर कोनाने मोजायचे असते हे त्याला कळले होते. हा कोन १९२०च्या दशकातल्या बीडीडी चाळींनाही वाचवू शकला नसता, कारण तिथे १६० चौरस फुटांच्या खोल्या मधल्या अंधाऱ्या बोळाच्या दोन्ही अंगांना लावल्या होत्या. म्हणून सगळ्या चाळींना एकाच गौरवगीतात बसवण्याला माझा आक्षेप आहे. गॅलरीची चाळ आणि बोळाची चाळ हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि आजच्या पुनर्वसन इमारती बहुतांशी दुसऱ्या प्रकारच्या वंशज आहेत.

गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडकडे याच कोनातून पाहता येते. सात-सात मजल्यांच्या इमारती आणि मधे जेमतेम ३ मीटर. उंची २१ मीटर धरली तर कोन होतो सुमारे ८२ अंश. ऑरच्या नियमाने मधे साडेदहा मीटर हवे होते. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेच्या अभ्यासात इथे आणि लल्लुभाई कंपाउंडमध्ये क्षयरोगाचे प्रमाण तुलनेने मोकळ्या पीएमजी कॉलनीपेक्षा कितीतरी जास्त आढळले आणि त्याचा संबंध खालच्या मजल्यांवर न पोचणाऱ्या उजेड-वाऱ्याशी लावला गेला. त्या घरांचे क्षेत्रफळ नियमाबरहुकूम होते.

यावर ठरलेले उत्तर येते: शहरात जागा नाही, माणसे अफाट, मोकळी जागा ठेवायची तर घरे कुठे बसवायची? चार्ल्स कोरिआंच्या बेलापूरच्या वसाहतीचा दाखला इथे उपयोगी नाही. तिथे जमीन होती. म्हणून प्रश्न दोन जुन्या इमारतींच्या मधे अडकलेल्या चिंचोळ्या भूखंडावरच सोडवून पाहू. मी वास्तुविशारद नाही, पण टेप आणि त्रिकोणमिती कुणाच्या मालकीची नसते.

समजा भूखंड १३ मीटर रुंद, २६ मीटर खोल. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, पुढे रस्ता, मागे घरगल्ली. रूढ पद्धतीत मध्यभागी एक जाड ठोकळा उभा राहतो आणि चहूबाजूंना माणूस आडवा झाला तर अडकेल एवढ्या फटी उरतात. त्याऐवजी दोन पातळ पट्ट्या करा: एक रस्त्यालगत, एक मागे. प्रत्येकीची जाडी भिंती आणि सव्वा मीटरची गॅलरी धरून साधारण साडेआठ मीटर. मधे साडेसात मीटरचे अंगण आणि मागे घरगल्लीसाठी दीड मीटरभर जागा राहते. साडेसातच्या दुप्पट १५ मीटर, म्हणजे तळमजला आणि वर चार मजले. ऑरचा कोन पाळला गेला. प्रत्येक पट्टीत मजल्याला तीन घरे, प्रत्येक घर ४ मीटर रुंद आणि ७ मीटर खोल. उजेड साधारणपणे खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या दुपटी-अडीचपटीइतका आत पोचतो; इथे दोन्ही बाजूंनी साडेतीन मीटरच जायचे असल्याने दिवसा दिवा लागू नये. मागच्या पट्टीला घरगल्लीकडून उजेड बेताचाच मिळेल, वारा मात्र आरपार जाईल. तळमजल्यावर दुकाने, पाण्याची टाकी, सायकली. जिना आणि एक लहान लिफ्ट अंगणाच्या कोपऱ्यात. चौथ्या मजल्यावरच्या म्हातारीला लिफ्ट नाकारून पर्यावरण वाचवण्यात अर्थ नाही.

वरच्या चार मजल्यांवर घरे झाली २४. भूखंड ३३८ चौरस मीटरचा, म्हणजे घनता हेक्टरी सुमारे ७१०. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमात अपेक्षित असलेली किमान घनता हेक्टरी ६५० आहे.

संडास-मोरी गॅलरीच्या अंगाला घ्यावी. घराची एक खिडकी त्याने अरुंद होते, हे खरे; पण नळ-पाइप गॅलरीतून दिसतात, प्लंबरला कुणाच्या घरात शिरावे लागत नाही, आणि 'वरच्यांचे पाणी गळते' या सोसायटीच्या सनातन भांडणाचा निकाल गॅलरीत उभे राहून लावता येतो. आज हे पाइप ज्या अरुंद डक्टमध्ये कोंबले जातात तिथे एकदा इमारत पुरी झाली की पाल सोडून कुणी जात नाही. गॅलरीचा तोटा म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर. चाळीत ती सगळ्यांत जास्त बायकांनी सोसली, आणि स्मरणरंजनात हे सोयीस्करपणे गळते. खिडकीचा खालचा भाग बंद, वरचा झडपांचा ठेवला तर नजर अडते, वारा अडत नाही.

मग अशी इमारत का उठत नाही? घनतेमुळे नव्हे, हे वरच्या गणिताने दाखवलेच. कारण पैशाचे आहे. जुन्या रहिवाशाचे घर फुकट, आणि त्याचा खर्च व बिल्डरचा नफा निघतो वर बांधलेल्या विक्रीच्या घरांतून. म्हणजे २४ कुटुंबांच्या भूखंडावर आणखी तेवढ्याच किंवा जास्त क्षेत्रफळाची विक्रीची घरे रचावी लागतात. अंगण तिथेच भरले जाते. बाजूच्या मोकळ्या जागेतली तूट अधिमूल्य भरून माफ होते, म्हणजे उजेडाची किंमत महापालिकेच्या तिजोरीत जमा होते आणि अंधार रहिवाशाकडे राहतो. विक्रीच्या घरांना मोटारी लागतात. एवढ्याशा जागेत त्या यांत्रिक वाहनतळावर एकावर एक चढतात. उंचीबरोबर जादा लिफ्ट, पंप, अग्निशमनाची यंत्रणा येते. या सगळ्याचे मासिक देखभाल शुल्क, ज्याचे जुने भाडे चहा-बिस्किटांच्या खर्चाइतके होते, त्याच्याही नावावर पडते. फुकट घर विकून वसई-विरारला गेलेल्या कुटुंबांना आपण लोभी म्हणतो. त्यांच्या हातातले देखभालीचे बिल पाहत नाही. 'शाश्वत' हा शब्द छतावरच्या सौर पॅनेलपुरता वापरणाऱ्यांनी हे बिल एकदा मागून घ्यावे. दिवसा दिवा आणि रात्री एसी लावल्याशिवाय राहता न येणारी खोली पॅनेलने हिरवी होत नाही.

बिल्डरला वगळून रहिवाशांनीच कर्ज काढून बांधायचे, हा स्वयंपुनर्विकासाचा मार्ग मुंबईत काही सहकारी सोसायट्यांनी वापरला आहे, आणि मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने त्यासाठी कर्जे दिली आहेत. तिथे नफ्याचा मजला चढवावा लागत नसल्याने दोन पट्ट्या आणि अंगण हे गणित जुळण्याची शक्यता दिसते. पण सोसायटीच्या नावावर जमीन असते. गिरगाव-लालबागच्या उपकरप्राप्त इमारतीतला भाडेकरू तीन पिढ्या त्या खोलीत राहिला तरी तिच्याखालच्या जमिनीचा मालक दुसराच असतो, आणि बँकेकडे तारण ठेवायला त्याच्यापाशी भाडेपावतीखेरीज काही नसते. चिंचोळ्या भूखंडावरच्या घराचा नकाशा त्या पावतीपाशी येऊन थांबतो. आराखड्यांच्या स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांनी बक्षिसाच्या रकमेतून आधी जमिनीचा कायदा जाणणारा एक वकील नेमला तर जास्त काम होईल.