विद्युत मोटारींचे नामकरण : विशेष्य आणि विशेषण
प्रस्तुत टिपणात मर्सिडीज-बेंझच्या विद्युत मोटारींच्या नावांचा विचार केला आहे. २०२२ मध्ये पुण्याजवळील चाकण येथे जुळणी सुरू झालेल्या ‘ईक्यूएस ५८०’ या नावात विद्युततेचे चिन्ह ‘ईक्यू’ आधी येते. ‘एस-क्लास’ या प्रतिष्ठित श्रेणीचे स्मरण देणारे ‘एस’ शेवटी. २०२१ च्या ‘ईक्यूजी’ या संकल्पना-मोटारीतही हाच क्रम होता. मात्र २०२४ मध्ये तिचे विक्रीयोग्य रूप ‘जी ५८०, ईक्यू तंत्रज्ञानासह’ अशा नावाने सादर झाले. १९७९ पासूनची ‘जी’ श्रेणी विशेष्य ठरली, विद्युतता विशेषण. प्रतिष्ठेच्या वस्तूचा ग्राहक ऊर्जास्रोताआधी परंपरा पाहतो, हे गृहीतक यातून सूचित होते. तथापि, नवे तंत्रज्ञान जुन्या लौकिकाच्या आडोशाला जाते, ही या नामकरणाची मर्यादाच म्हणावी लागेल.